सुलोचना (रूबी मायर्स): बोलपटाने त्यांची कारकीर्द खरोखरच संपवली का?

प्रश्न : चित्रवेध

दादासाहेब फाळके पुरस्काराच्या यादीत १९७३ या वर्षापुढे ‘सुलोचना’ असे नाव आहे. ते वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सुलोचनादीदींचा सोज्वळ चेहरा उभा राहतो. परंतु हा पुरस्कार त्यांचा नव्हे, तर मूकपटांच्या काळातील नायिका रूबी मायर्स यांचा आहे. ‘सुलोचना’ हे त्यांचे पडद्यावरचे नाव. दीदींचा जन्म १९२८ चा, आणि त्याच वर्षी या आधीच्या सुलोचनाबाई ‘अनारकली’ म्हणून पडद्यावर झळकल्या होत्या, एवढे अंतर दोघींच्या काळात आहे.

त्यांच्याविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात तीच ती दोन विधाने फिरत राहतात. पहिले, त्यांना मुंबईच्या गव्हर्नरापेक्षा जास्त पगार होता. दुसरे, बोलपट आला, त्यांना हिंदुस्तानी नीट बोलता येईना आणि त्यांचे दिवस भरले. या दुसऱ्या विधानाबद्दल मला शंका आहे, कारण १९३५ चा बोलणारा ‘अनारकली’ही त्यांच्याच नावावर आहे. जिची कारकीर्द १९३१ मध्ये आटोपली, तिलाच घेऊन चार वर्षांनी कोणी तोच चित्रपट पुन्हा कशाला काढील? मूकपटात त्या एवढ्या मोठ्या कशामुळे झाल्या आणि पुढे नेमके काय घडले, हे जाणकारांनी जरा सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर : जुनी रिळे

आपली शंका रास्त आहे. मात्र बोलपटाकडे वळण्याआधी त्या मूकपटात आल्या कशा, हे पाहायला हवे, कारण पुढे जे झाले त्याचे मूळ तेथेच आहे.

रूबी मायर्स यांचा जन्म १९०७ मध्ये पुण्यात, एका बगदादी ज्यू कुटुंबात झाला. (कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल हा निराळा समाज, या दोहोंची गल्लत अनेक लेखांत झालेली आढळते.) त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करीत असताना कोहिनूर फिल्म कंपनीचे दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी त्यांना चित्रपटात काम कराल का, असे विचारले. त्यांनी आधी साफ नकार दिला. भवनानींनी पिच्छा सोडला नाही आणि अखेर १९२५ मध्ये ‘वीर बाला’ या चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या. तोवर त्यांना अभिनयाचा कसलाही अनुभव नव्हता, हे मुद्दाम नमूद करण्यासारखे आहे. नाटक कंपनीत उमेदवारी करून सिनेमात येण्याची जी वाट त्या काळच्या पुरुष नटांना होती, ती त्यांनी चोखाळली नाही.

भवनानींसारख्या दिग्दर्शकाला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नायिका का शोधावी लागली, हा खरा प्रश्न आहे. फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळाली नाही आणि अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवावे लागले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) यांनी काम केले आणि कोंडी फुटली, पण फुटली म्हणजे वाट मोकळी झाली असे नव्हे. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका पुन्हा साळुंके यांनीच केल्या होत्या. विशीच्या दशकातही प्रतिष्ठित हिंदू वा मुसलमान घरातील मुलगी स्टुडिओत पाठवण्याची कोणाची तयारी नव्हती. ही जागा भरून काढली ती ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींनी, ज्यांच्या घरी मुलीने बाहेर पडून कमावणे ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. कलकत्त्याच्या पेशन्स कूपर घ्या, ‘सीता देवी’ या नावाने गाजलेल्या रेनी स्मिथ घ्या, किंवा आपल्या रूबी मायर्स. नावे बदलून, कुंकू लावून या मुली पडद्यावरच्या सीता, सावित्री आणि राजकन्या झाल्या, आणि पडदा मुका असल्यामुळे त्यांच्या तोंडची भाषा कोणती, हे विचारण्याची वेळच प्रेक्षकांवर आली नाही.

सुलोचनाबाईंचे वेगळेपण मात्र पौराणिक भूमिकांत नव्हते. १९२६ या एकाच वर्षातील त्यांच्या चित्रपटांची नावे पाहा: ‘टाइपिस्ट गर्ल’, ‘टेलिफोन गर्ल’, ‘सिनेमा क्वीन’. पुढे १९२९ मध्ये ‘इंदिरा बी. ए.’ आला. टंकलेखन करणारी, फोन जोडून देणारी, पदवी घेतलेली अशी ही नायिका आहे. शहरात मिळवत्या स्त्रिया नुकत्याच कोठे दिसू लागल्या होत्या, त्यांच्याविषयी लोकांना कुतूहल होते आणि धास्तीही होती, आणि या दोन्ही भावनांवर हे चित्रपट चालले. जिने ती नोकरी प्रत्यक्ष केली होती, तिलाच फोन जोडणारी नायिका म्हणून उभे करण्यात कोहिनूरची व्यापारी हुशारी दिसते. माझ्या मते त्यांच्या लोकप्रियतेचे मर्म येथे आहे. ‘अप्रतिम सौंदर्य’ वगैरे नेहमीची विशेषणे त्या मानाने दुय्यम ठरतात.

कोहिनूरनंतर त्या अर्देशिर इराणी यांच्या इंपीरिअल फिल्म कंपनीत गेल्या आणि तेथे त्यांचा खरा दबदबा निर्माण झाला. आर. एस. चौधरी यांनी दिग्दर्शित केलेले ‘माधुरी’ आणि ‘अनारकली’ हे दोन्ही मूकपट १९२८ चे. ‘अनारकली’ची कथा मोठी मनोरंजक आहे. इम्तियाज अली ताज यांच्या उर्दू नाटकावरून लाहोरची एक कंपनी मोठ्या खर्चाने चित्रपट काढीत होती. त्यात सीता देवी अनारकली होत्या आणि खुद्द ताज अकबराच्या भूमिकेत होते. इंपीरिअलने त्याच विषयावर घाईघाईने आपला चित्रपट उभा केला आणि लाहोरकरांच्या आधी बाजारात आणला. सुलोचनाबाईंचा ‘अनारकली’ तुफान चालला. मागाहून आलेल्या लाहोरच्या चित्रपटाचे जे व्हायचे ते झाले. इंपीरिअलची ही चाल फारशी सभ्य होती असे कोणी म्हणणार नाही, परंतु एवढ्या घाईत काढलेला चित्रपट पेलून धरणारी नटी त्यांच्याकडे होती, हेही खरे.

उत्तर : प्रकाशलेखन

वरील उत्तरात सामाजिक बाजू उत्तम आली आहे. मी केवळ तांत्रिक बाजूची भर घालतो, कारण मूकपटातील अभिनयाला ‘हातवारे’ म्हणून मोडीत काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

त्या काळी बहुतांश वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे, तर निळा रंग जवळजवळ पांढरा उमटे. म्हणजे लाल ओठ पडद्यावर काळे, गालांवरची लाली म्हणजे डाग, आणि निळे आकाश कोऱ्या कागदासारखे. चेहऱ्यावर फिकट रंगाचा जाड थर द्यावा लागे आणि भुवया व पापण्या काजळाने ठसठशीत कराव्या लागत. त्या थराखालून बारीक भाव पोहोचवायचे, तर डोळे आणि मानेचा कल यांवरच सारी भिस्त असे. शिवाय मधूनमधून येणाऱ्या पाट्यांवर तीन-चार लिप्यांत मजकूर असायचा आणि वाचता न येणाऱ्यांसाठी कोणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवायचा. त्या गलक्यात, पेटी-तबल्याच्या साथीत, नटीने आपले म्हणणे पाटी येण्यापूर्वीच प्रेक्षकाला समजावून दिलेले असावे लागे.

या पार्श्वभूमीवर १९२७ चा ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ पाहावा. भवनानींच्या या चित्रपटात सुलोचनाबाईंनी आठ भूमिका केल्या होत्या. त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, रस्त्यावरचा पोरगा होता, केळी विकणारी म्हातारी होती आणि सोनेरी केसांची युरोपीय तरुणीही होती. आवाज बदलण्याची सोय नाही, रंग धड दिसत नाहीत, अशा स्थितीत म्हातारी आणि पोलीस हे निराळे वाटायला हवेत, तर ते चालण्यातून, खांद्यांतून आणि हात ठेवण्याच्या ढबीतून. अण्णा साळुंके यांना स्त्री व्हावे लागले त्याला जेमतेम चौदा वर्षे लोटली होती, आणि येथे एक स्त्री पोलिसाची वर्दी चढवून पडद्यावर वावरत होती. केवळ सुंदर चेहऱ्याच्या भरवशावर कोणी अशी जोखीम घेतली नसती.

चित्रवेध

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. मग इंपीरिअलनेच काढलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटात त्या का नाहीत? कंपनीची सर्वांत मोठी नायिका घरात असताना इराणींनी झुबेदा यांना घेतले, यावरून तरी भाषेची अडचण खरी होती असे दिसते.

उत्तर : जुनी रिळे

अडचण खरी होती. तिचा परिणाम मात्र वाढवून सांगितला जातो.

‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. झुबेदा या सचिन संस्थानच्या नवाबांच्या आणि अभिनेत्री फातमा बेगम यांच्या कन्या, त्यामुळे उर्दू त्यांच्या घरातलीच. शिवाय चित्रपटात सात गाणी होती आणि पार्श्वगायनाची सोय नसल्याने कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गावे लागणार होते. नायक म्हणून घेतलेले मास्टर विठ्ठल हे मूकपटातील मारधाडीचे राजे. त्यांचेही हिंदुस्तानी कच्चे होते आणि त्यामुळे त्यांच्या वाट्याला शक्य तितके कमी संवाद ठेवले गेले, असे सांगतात. नायकाच्या बाबतीत कथेला मुरड घालून वेळ मारून नेता आली. नायिकेच्या बाबतीत गाण्यांमुळे ते जमण्यासारखे नव्हते, आणि मला वाटते उच्चारांइतकीच ही गाण्यांची अट निर्णायक ठरली असावी.

यानंतर सुलोचनाबाईंनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी सुमारे वर्षभर काम थांबवले, हिंदुस्तानी शिकून घेतले आणि १९३२ मध्ये बोलणारा ‘माधुरी’ घेऊन परतल्या. दिग्दर्शक पुन्हा आर. एस. चौधरीच. तो चालला, आणि मग इंपीरिअलला जणू युक्तीच सापडली: ‘इंदिरा बी. ए.’ची १९३४ मध्ये ‘इंदिरा एम. ए.’ झाली, ‘अनारकली’ १९३५ मध्ये बोलू लागली आणि ‘वाइल्डकॅट’ १९३६ मध्ये ‘बंबई की बिल्ली’ होऊन आली. नायक दिनशा बिलिमोरिया यांच्याबरोबरची त्यांची जोडी याही काळात लोकांच्या मनावर होती. त्यांनी ‘रूबी पिक्स’ नावाची स्वतःची निर्मितिसंस्थाही काढली. ज्या बाईचे दिवस भरले असे आपण वाचत आलो, ती बोलपटातही पुढची चार-पाच वर्षे आघाडीवर होती.

उतार आला तो त्यानंतर, आणि त्याचे कारण माझ्या मते माझ्या पहिल्या उत्तरात आलेल्या गोष्टीशी जोडलेले आहे. ज्या पोकळीमुळे रूबी मायर्स यांना जागा मिळाली, ती पोकळीच भरून निघत होती. याचे ठळक उदाहरण म्हणजे दुर्गा खोटे. सुशिक्षित, प्रतिष्ठित मराठी घरातील ही स्त्री १९३१ मध्ये ‘फरेबी जाल’मधून चित्रपटात आली, आणि त्याचे दिग्दर्शक होते तेच मोहन भवनानी, ज्यांनी सहा वर्षांपूर्वी रूबी मायर्स यांना आणले होते. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई तारामती झाल्या, स्वतः बोलल्या आणि गायल्या. ज्या तारामतीसाठी फाळक्यांना स्त्री मिळाली नव्हती, ती भूमिका आता चांगल्या घरची सून करीत होती. पाठोपाठ देविका राणी आल्या, गाणाऱ्या नट्या आल्या. जुन्याच कथा नव्याने काढण्याचा मार्ग कधीतरी संपणारच होता. पाहिलेली गोष्ट प्रेक्षक किती वेळा पाहणार? १९३८ मध्ये इंपीरिअलच बंद पडली. त्या वेळी सुलोचनाबाई एकतीस वर्षांच्या होत्या, आणि त्या काळी नायिकेचे ते वय फार मानले जाई.

तेव्हा ‘बोलपटाने संपवले’ याऐवजी ‘बोलपटामुळे आलेल्या नव्या नायिकांच्या गर्दीत आणि स्वतःच्या जुन्या चित्रपटांच्या पुनरावृत्तीत त्या हळूहळू मागे पडल्या’ असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. वाक्य लांबते, पण खरे ठरते.

उत्तर : जमाखर्च

पगाराच्या दंतकथेकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो.

सुलोचनाबाईंचा पगार म्हणून सर्वत्र सांगितला जाणारा आकडा महिना ५,००० रुपये, म्हणजे वर्षाला ६०,००० रुपये असा आहे. आता १९१९ च्या कायद्यानुसार मुंबईच्या गव्हर्नराच्या वार्षिक पगाराची कमाल मर्यादा १,२८,००० रुपये होती, आणि १९३५ च्या कायद्याने तो पगार १,२०,००० रुपये ठरवला. भत्ते त्याहून वेगळे. म्हणजे गव्हर्नराला सुलोचनाबाईंच्या दुप्पट पगार होता. १९३५ च्या कायद्यात सर्वांत कमी पगार आसाम, सिंध, ओरिसा यांसारख्या लहान प्रांतांच्या गव्हर्नरांना होता, तोही ६६,००० रुपये. मुंबईचे राहू द्या, सिंधच्या गव्हर्नराशीसुद्धा ही तुलना टिकत नाही.

तरीही दंतकथा जन्माला का आली, हे समजते. त्या काळी नटनट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असत. महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार, ठरलेल्या वेळी हजेरी. अशा व्यवस्थेत एका स्त्रीला महिना पाच हजार मिळतात ही गोष्टच ऐकणाऱ्याला अविश्वसनीय वाटे. त्यात त्या शेवरोले मोटारीतून हिंडत. मग लोकांना माहीत असलेला सर्वांत मोठा पगारदार कोण, तर लाटसाहेब, आणि तुलना त्याच्याशी. मूळ आकडा अविश्वसनीय मानण्याचे मात्र काही कारण दिसत नाही, आणि तो स्वतःच पुरेसा मोठा आहे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. महात्मा गांधींच्या हस्ते झालेल्या खादी प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा लघुपट दाखवताना त्याला ‘माधुरी’तील सुलोचनाबाईंचे नृत्य ध्वनीसह जोडले होते, असे चित्रपटाच्या इतिहासात नमूद आहे. गांधीजींना सिनेमाचे किती वावडे होते, हे लक्षात घेता या जोडकामाची त्यांना कल्पना असेल का, असा प्रश्न पडतो.

उत्तर : प्रकाशलेखन

हिशेब चोख आहे. आता त्यांचे काम पाहायचे कसे, याविषयी थोडे.

भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले पूर्ण वा तुटक स्वरूपात उरलेले अगदी मोजके. नायट्रेटवर आधारलेली ती फिल्म भडकन पेट घेई. कोहिनूरच्या स्टुडिओला १९२३ मध्येच आग लागून तोवरच्या निगेटिव्ह जळाल्या होत्या. जी रिळे आगीतून वाचली, ती बोलपट आल्यावर निरुपयोगी ठरली आणि त्यांतील चांदीसाठी विकली गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये, म्हणजे शेवटचा मूकपट निघून तीस वर्षे होऊन गेल्यावर. आणि २००३ मध्ये पुण्यातच साठवलेल्या नायट्रेट फिल्मला आग लागून आणखी नुकसान झाले. म्हणून मूकपटातील सुलोचनाबाईंचा अभिनय आपल्याला मुख्यतः छायाचित्रांवरून, जाहिरातींवरून आणि समकालीनांच्या लेखनावरून जोखावा लागतो, आणि ही छायाचित्रे पोझ घेऊन वेगळी काढलेली असत, हे विसरून चालत नाही. पोलिसाच्या वेषातील खांदे कसे हलले असतील, हे स्थिरचित्र सांगत नाही.

त्यांना चालताबोलताना पाहायचे असेल, तर १९५३ चा ‘अनारकली’ सहज मिळतो. सी. रामचंद्रांच्या गाण्यांसाठी आपण तो अनेकदा पाहिलेला असतो. बीना राय यात अनारकली आहेत आणि सलीमच्या आईच्या भूमिकेत आहेत त्या सुलोचनाबाई, ज्यांनी मूळ भूमिका एकदा मुक्याने आणि एकदा बोलून केली होती. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल हेही त्यांना नवखे नव्हते, ‘इंदिरा एम. ए.’ त्यांचाच. तेथे बाई फार काही करीत नाहीत, पण संवाद संपल्यानंतर त्यांची नजर काही क्षण समोरच्यावर टिकते, त्याकडे लक्ष द्यावे. मूकपटात घडलेल्या नटीची ती सवय असावी, असे मला वाटते. पुढे १९७० च्या ‘बॉम्बे टॉकी’तही त्या होत्या. १९७३ चा फाळके पुरस्कार मिळवणाऱ्या त्या देविका राणींनंतरच्या दुसऱ्या स्त्री, आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये त्यांचे मुंबईत निधन झाले.

इंटरनेटवरील याद्या पाहताना मात्र सावध राहावे. दोन्ही सुलोचनांची श्रेयनामावलीतील नोंद नुसती ‘सुलोचना’ अशीच असल्याने त्यांचे चित्रपट एकमेकींच्या नावावर सर्रास चढवलेले आहेत. १९४० पूर्वीचा हिंदी चित्रपट असेल, तर त्या रूबी मायर्स, कारण दीदी तेव्हा बारा वर्षांच्याही नव्हत्या. पन्नास ते सत्तर या दशकांतील चित्रपटांसाठी यादीवर विसंबू नये. त्या काळात दोघीही आईच्या भूमिका करीत होत्या, आणि चित्रपट प्रत्यक्ष लावून चेहरा पाहणे, हाच खात्रीचा उपाय.